नम्रता म्हणजे गप्प बसणे नव्हे

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात आपल्यासोबत असणाऱ्या एका बांधवाने चारचौघांत आपला अवमान केला. त्याच्याशी बोलणे आता टाळता येणार नाही, पण दुसरा गाल पुढे करायचा तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी, असा आपला प्रश्न आहे.

दुसरा गाल पुढे करण्याविषयीचे बायबलमधले वचन, मत्तय 5:39, वाचताना मी योहान 18:22-23 नेहमी शेजारी ठेवतो. महायाजकापुढे, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूपुढे, चौकशी चालू असताना तिथल्या एका शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने हात उगारला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने त्या माणसालाच विचारले. या उत्तराची घडण पाहण्याजोगी आहे. आपले बोलणे समोरच्याने तपासावे याची त्यात तयारी आहे, झालेल्या अन्यायाचा सरळ उच्चारही आहे, आणि तो प्रश्नाच्या रूपात असल्यामुळे मारणाऱ्यालाही विचार करायला जागा उरते. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे सूड न घेणे. अन्यायाला अन्याय न म्हणणे असा त्याचा अर्थ मला तरी कधी वाटला नाही.

अवघड भाग पहिला आहे, आपल्याकडचे तपासण्याचा, आणि तिथे मी स्वतः घसरलो आहे. एका बैठकीत मी एका सहकाऱ्याला सर्वांदेखत तोडून बोललो होतो. नंतर त्यांना भेटून म्हणालो, "त्या दिवशी मी आवाज चढवला, ते माझे चुकलेच, पण तुम्हीही यादी वेळेवर दिली नव्हती." त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. घरी हे सांगितल्यावर पत्नीने विचारले, "तुम्ही क्षमा मागायला गेला होता की हिशेब चुकता करायला?" दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि या वेळी "चुकलेच" या शब्दावर थांबलो. पुढचे ते काही क्षण मला फार जड गेले, कारण तो "पण" अगदी ओठांवर होता. यादीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. तो महिनाभराने निघाला आणि तेव्हा दोघांनाही त्यावर शांतपणे बोलता आले.

कुसळ-मुसळाची गोष्ट आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की तिचा उत्तरार्ध कुणाच्या ध्यानात राहत नाही. मत्तय 7:5 मध्ये आधी स्वतःचे मुसळ काढायला सांगितले आहे खरे, पण ते भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यासाठी नीट दिसावे म्हणून. कुसळ तसेच राहू द्यावे असे तिथे म्हटलेले नाही.

एक सावधगिरी मात्र आम्हा मंडळीतल्या लोकांना विशेष लागते. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन" हे वाक्य वादाच्या भरात उच्चारले की ते प्रार्थनेचे राहत नाही, टोमण्याचे होते. आणि "प्रभूने माझ्या मनात घातले" असे म्हटले की समोरच्याला उत्तर देण्याची सोयच उरत नाही, कारण मग त्याचा वाद आपल्याशी न राहता देवाशी होऊन बसतो. प्रार्थना करावी, अवश्य करावी, पण ती घरून निघण्यापूर्वी.

मत्तय 18:15 प्रमाणे आपण त्यांना एकांतात भेटावे, आणि आरोपाऐवजी असे काही म्हणून सुरुवात करावी: "त्या दिवशीचे आपले बोलणे माझ्या मनाला लागले आहे. आपण ते कोणत्या अर्थाने बोललात, हे मला ऐकायचे आहे." त्यानंतर खरोखर ऐकावे. ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश, हा याकोब 1:19 मधला क्रम उलटला की उरलेला वेळ स्वतःचा बचाव करण्यातच जातो. त्यांनी ऐकून घेतलेच नाही, तर मत्तय 18:16 मध्ये आणखी एकदोघांना बरोबर नेण्याची मोकळीक आहे. आणि ज्या माणसाची आपल्याला भीती वाटते, जो धमकावतो किंवा हात उगारतो, त्याच्याकडे एकट्याने जाण्याची सक्ती नम्रतेच्या नावाखाली कुणी करत असेल, तर ती आपण मानू नये.