बेळगाव-खानापूरकडच्या डोंगरात जुनी देवळं आणि राजेरजवाड्यांच्या जागा बघायच्यात, दोन दिवसांत काय काय होईल?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून आई-बाबांना घेऊन गाडीने येताय, बाबांना इतिहासाचं वेड आहे आणि आईंच्या गुडघ्यांमुळे गड चढणं जमणार नाही. मी खानापूर तालुक्यातला, आजोळ नंदगडच्या बाजूला, त्यामुळे हा सगळा भाग लहानपणापासून पायाखालचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्याकडे येऊन राजवाडा शोधू नका. म्हैसूरसारखं उभं काही मिळणार नाही. इथं ज्यांनी राज्य केलं त्यांचे वाडे मातीत गेले, देवळं तेवढी राहिली, आणि त्या देवळांतच ती घराणी भेटतात. कुठल्या राजाने बांधलं, कुठल्या राणीने बांधलं, धाकट्या भावाने नंतर काय बसवलं, हे डोक्यात ठेवून बघितलं तर दोन दिवस कमी पडतील, नाहीतर सगळी देवळं सारखीच दिसतात आणि आई-बाबा दुपारपर्यंत कंटाळतात.

म्हणून सुरुवात हलशीपासून करा. बेळगावपासून साधारण ४० किलोमीटर, खानापूरवरून नंदगड आणि मग हलशी. आज गाव म्हणजे कौलारू घरं, भाताची शेतं, दारात बांधलेल्या म्हशी, कुणाला सांगून खरं वाटणार नाही की हे पलाशिका आहे, बनवासीच्या कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी, म्हणजे पाचव्या शतकातली गोष्ट आणि नंतर पुन्हा गोव्याच्या कदंबांची उपराजधानी. इथं जे ताम्रपट सापडले त्यातला एक रविवर्मा राजाचा आहे, त्यात त्याने लिहून ठेवलंय की पलाशिकेत दरवर्षी कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या निर्वाहाची सोय व्हावी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमच्याकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्यालाच त्या ओळीचा अर्थ कळतो, जून लागला की चार महिने सूर्य दिसायची मारामार आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजालाही तीच काळजी होती की ह्या पावसात हे लोक खाणार काय. कदंब राजा मृगेशवर्म्याच्या काळची जैन बसदी, म्हणजे जैन देऊळ, गावातच आहे, पडझड झालीय पण जाऊन या.

मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधल्या मंडपात उभं राहिलं की एकीकडे नरसिंह-नारायण आणि दुसरीकडे वराह. इथला शिलालेख ११६९ सालचा, तेव्हा गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेरमाडीचं राज्य होतं. वराहाची पाच फुटी मूर्ती मात्र त्याच्या भावाने, विजयादित्याने, ११८६-८७ मध्ये बसवली. म्हणजे एका देवळात दोन भाऊ, आणि दोघांची आई मैलळदेवी ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची मुलगी. एवढ्या मोठ्या घरची लेक ह्या डोंगरातल्या राज्यात सून म्हणून आली होती, बाबांना हे नक्की सांगा. मूर्ती काळ्या दगडाची आहे, दिवसाही आत अंधार असतो, डोळे सरावले की मग हळूहळू वराहाच्या दातावरची भूदेवी दिसते, तोपर्यंत मोबाईलचा टॉर्च लावू नका, दोन मिनिटं थांबा. जमीन सपाट आहे, आईंना काही त्रास नाही. गावात सुवर्णेश्वर, कल्मेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं आहेत, पुजाऱ्यांना विचारलं की दाखवतात. रामतीर्थाची टेकडी गावापासून दोन-एक किलोमीटर, तिकडे बाबांना घेऊन तुम्ही जा आणि आईंना देवळाच्या ओट्यावर बसू दे, तिथं बायका बोलायला येतात, वेळ कसा जातो कळत नाही. हलशीला अर्धा दिवस द्याच. लोक वीस मिनिटांत फोटो काढून पळतात, मला फार वाईट वाटतं. आणि जेवण खानापुरातच उरकून घ्या, पुढे हॉटेल शोधत बसायची वेळ नको.

येताना नंदगडला थांबा. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी इथंच २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली. माझी आजी मला तिथल्या वडापाशी घेऊन जायची आणि चपला काढायला लावायची. अजूनही लोक तिथं नवस बोलतात.

दुसऱ्या दिवशी कित्तूर आणि देगाव. कित्तूर बेळगावहून धारवाडच्या हायवेवर पन्नासेक किलोमीटर, रस्ता एकदम चांगला. गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, कित्तूरचे संस्थानिक देसाई शिवलिंगरुद्र सर्जा १८२४ मध्ये वारले, दत्तक पुत्र ईस्ट इंडिया कंपनीने मान्य केला नाही, आणि २३ ऑक्टोबरला राणी चन्नम्माच्या लोकांनी धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला लढाईत मारलं. डिसेंबरमध्ये किल्ला पडला, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि तिथंच १८२९ मध्ये तिचा शेवट झाला, समाधीही बैलहोंगललाच आहे. किल्ल्यात वाड्याच्या जाड भिंती, खोल्या, विहिरी एवढं उरलंय, शेजारी म्युझियम आहे. चढ नाही म्हणून आईंनाही फिरता येईल. तिथं ध्रुवतारा बघायची जागा दाखवतात, ती चुकवू नका. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो, तेव्हा गर्दी प्रचंड, शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. आणखी एक, साताऱ्याहून येताना बेळगावच्या जरा अलीकडे काकती लागतं ते राणीचं माहेर, बाबांना गाडीतूनच दाखवा.

कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर देगाव. इथं लक्ष द्या, कारण आम्ही फसलो होतो. मावशीला घेऊन निघालो, फोनवर नुसतं देगाव टाकलं आणि नकाशा आम्हाला भीमगडच्या जंगलाकडे घेऊन चालला, कारण म्हादई नदी जिथं उगम पावते ते गावही देगावच. संध्याकाळ व्हायला आली, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडी, मावशी घाबरून गप्प बसलेली, शेवटी एका गुराख्याने सांगितलं की तुमचं देऊळ ह्या बाजूला न्हाईच हो, मागं फिरा की. तेव्हा कमलनारायण मंदिर असं पूर्ण नाव टाका आणि कित्तूरमधून निघताना माणसाला विचारूनच वळा.

हे देऊळ शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवून घेतलं. हलशीत दीर आणि नवरा भेटले ना, इथं ती भेटते, म्हणून आधी हलशी आणि मग देगाव असाच क्रम ठेवा. तीन गाभारे आहेत, छतावरचं आणि खांबांवरचं काम इतकं बारीक आहे की मावशी, जिने आयुष्यभर भरतकाम केलं, ती खांबावर बोट फिरवत म्हणाली हे दगडात नाही रे, सुईनेच काढलंय. त्या वेळी आम्ही तिघंच होतो तिथं. माझ्या मते आख्ख्या जिल्ह्यात ह्याच्याएवढं सुंदर देऊळ नाही आणि ह्याच्याएवढं दुर्लक्षितही नाही.

परतताना वेळ उरला तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन देऊळ बघा, रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधलेलं, नेमिनाथांचं. छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ आहे, त्याला बहात्तर पाकळ्या, मागच्या, चालू आणि पुढच्या काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मान वर करून आईंना त्रास होईल म्हणून पाठ टेकून बसायला सांगा. किल्ल्याचा बराच भाग मिलिटरीकडे आहे, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

गोव्यातलं तांबडी सुर्लाचं महादेव मंदिरही त्याच काळातलं, पण अनमोड घाट उतरून जायचं म्हणजे तो वेगळा दिवस धरा, दोन दिवसांत कोंबू नका. राजहंसगड, वल्लभगड हे गड तुम्ही पुन्हा एकटे या तेव्हा. भीमगड तर अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे वळूच नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. पावसाळ्यात आमचा तालुका फार देखणा दिसतो, पण देवळाच्या फरशीवर शेवाळ धरतं आणि आईंचे गुडघे लक्षात घेता ते नको. भाषेची काळजी करू नका, हलशी-नंदगडला मराठीच चालते, कित्तूरकडे कन्नड जास्त, तरी मराठी समजणारा कुणीतरी भेटतोच, आणि नुसतं "नमस्कार री" म्हटलात तरी लोक देवळापर्यंत सोबत येतात. तारीख ठरली की इथंच कळवा, मी त्या दिवसांत गावात असलो तर हलशीला येतो तुमच्याबरोबर.