७९६ सीसीचं इंजिन घरी बांधताना: आधी मोजा, मग मागवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, कार्ब्युरेटरवालं जुनं इंजिन. निळा धूर मारतं, ऑइल खातं, चढाला दम टाकतं. ते घरीच बांधायचंय, आणि उघडलंच आहे तर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन, जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम, हेडचं फेसिंग (तळ मशीनवर सपाट करणं) आणि फ्री-फ्लो (गॅस मोकळा सोडणारा) सायलेन्सर हेही उरकायचंय. यातलं आधी काय मागवू?

अजून काहीच मागवू नका. लहान इंजिनाची ताकद बहुतेक वेळा झिजलेल्या जागांतून निसटलेली असते. ती नेमकी कुठून निसटते हे कळेपर्यंत आणलेला प्रत्येक भाग अंदाजानेच आणलेला असतो. तीनपैकी एक सिलिंडर अर्ध्या दमाने चालत असेल तर एकूण ताकदीचा सहावा हिस्सा गेला. रोजच्या गाडीत नुसता कॅम बदलून तेवढं कमावणं फार अवघड आहे.

इंजिन गाडीतच असताना प्लगच्या भोकात गेज लावून, सेल (स्टार्टर) मारत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. हा शेवटचा भाग बरेच जण विसरतात. थ्रॉटल मिटलेला राहिला तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. नुसत्या आकड्यापेक्षा तिन्ही सिलिंडरमधला फरक जास्त सांगतो. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे गेला तर काहीतरी बिघडलंय. आता कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर दोष पिस्टनच्या रिंगा आणि बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीत). जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर दोघांमधलं गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

कॉम्प्रेसर मिळत असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. गियर टाकून हँडब्रेक ओढून ठेवा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरतो. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. धुराची वेळही लक्षात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना एक भपका मारला, किंवा लांब उतार गियरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर मारला, तर व्हॉल्व्हच्या सील आणि गाईड बघा. जोर लावल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगांकडे बोट जातं.

हेडला पाना लावण्याआधी एक फुकटची तपासणी करा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे घेणाऱ्या डबीची) नळी तोंडाने ओढून बघा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळीवर जीभ धरली की तिथेच थांबली पाहिजे. पडदा फाटला असेल किंवा आतली वजनं गंजून अडकली असतील तर इंजिन नव्यासारखं बांधूनही चढाला तसंच हाशहुश करेल. हा दोष इंजिन कमजोर असल्यासारखाच भासतो, म्हणून इतका आग्रह धरतोय.

आता ओव्हरसाइज पिस्टन. तुमचा बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७२ मिमी. अर्धा मिमी ओव्हरसाइज केलं तर ७९६ चे ८०८ सीसी होतात. बारा सीसी, म्हणजे दीड टक्का, आणि तेवढा फरक गाडी चालवताना जाणवत नाही. बोअर मारतात ते झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ व्हावा म्हणून. जो बोअर अजून मापात आहे तो उगाच मारला तर पुढच्या वेळचं शिल्लक धातू आजच संपवलं.

तो मापात आहे का, हे नखाने चाचपून ठरवू नका. बोअर गेज घ्या, वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडवं असं मोजा. झीज सगळ्यात जास्त वर असते, वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे. त्या क्षणी दाब सर्वाधिक आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. आणि आडव्या दिशेची झीज जास्त भरते, कारण पिस्टन त्याच भिंतीवर रेलतो. किती झीज चालेल हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. मर्यादेत असेल तर होनिंग (दगडाने भिंतीवर बारीक रेघा पाडणं) करून नव्या रिंगा पुरतात. होनच्या तिरक्या रेघा एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. त्या रेघांतच ऑइल टिकतं. बोअर मारायचाच असेल तर पिस्टन आधी हातात घ्या आणि मशीनिंगवाल्याला ते पिस्टन द्या, म्हणजे तो प्रत्येक सिलिंडर त्या-त्या पिस्टनच्या मापाने करेल.

रिंगा पाकिटातून काढून थेट चढवू नयेत. एकेक रिंग बोअरमध्ये सरकवा, पिस्टनच्या माथ्याने सरळ करा आणि तोंडातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) मोजा. मॅन्युअल नसेल तर बोअरच्या व्यासाच्या हजार भागांपैकी चार भाग, तुमच्यासाठी ०.२७ मिमीच्या आसपास, हा वरच्या रिंगेचा जुना हिशेब. फट थोडी जास्त झाली तर नुकसान क्षुल्लक. कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, बोअर ओरखडतो आणि पिस्टनची कड तुटते.

होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. रॉकेल किंवा पेट्रोलने तेलकटपणा जातो, पण होनची बारीक भुकटी रेघांत तशीच बसून राहते आणि नव्या रिंगा पहिल्या दिवसापासून घासते. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत धूत राहा. मग लगेच वाळवून ऑइल लावा, कारण उघड्या बिडावर गंज काही मिनिटांत धरतो.

तुमच्या इंजिनाचा सगळ्यात मोठा फायदा हेडमध्ये आहे, त्यामुळे वेळ तिथे घाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर तिच्यातून सोडतो. टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी ठेवली तर तो पुरता टेकत नाही, उष्णता अडकते आणि कडेला जळून खाच पडते. टॅपेट वाजू नयेत म्हणून घट्ट करून दिलेल्या कितीतरी गाड्यांचे व्हॉल्व्ह असेच जळालेत. एक्झॉस्टची फट मापाच्या वरच्या टोकाला ठेवा. थोडा टकटक आवाज आला तरी चालेल.

गाईडमध्ये व्हॉल्व्ह आडवा हलत असेल तर आधी गाईड बदला, सीट त्यानंतरच. क्रम उलटा झाला तर सीट जुन्या, वाकड्या मध्यावर कापली जाते. सीट तीन कोनांत कापून घ्या: बसण्याचा ४५ अंशांचा, वर ३० आणि खाली ६०. बसण्याची पट्टी सव्वा मिमीच्या आसपास हवी. अरुंद केली तर व्हॉल्व्ह गरम राहतो, फार रुंद केली तर कार्बन चिरडला जात नाही आणि गळती सुरू होते. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासल्यावर सलग, एकसारखी राखाडी कडी दिसली पाहिजे. स्प्रिंगा चढवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरा आणि थोडा वेळ थांबा. चेंबरमध्ये ओल आली तर पुन्हा घासा. या एका कामाने जो पिकअप परत येतो तो कुठल्याही पाकिटात विकत मिळत नाही.

हेडच्या पृष्ठभागावर सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरकी धरून खाली ०.०५ मिमीचं पातं घालून बघा. गेलं तर फेसिंग करून घ्या. पण कॉम्प्रेशन वाढावं म्हणून मनाला येईल तितकं उतरवू नका. एका सिलिंडरचा स्ट्रोकभरचा आवाका २६५ सीसी आहे. कॉम्प्रेशन रेशो ८.७ धरला तर वर उरणारी जागा साडेचौतीस सीसी. अर्धा मिमी उतरवल्यावर चेंबरच्या आकारानुसार त्यातून दीडेक सीसी जाते आणि रेशो ९ च्या जरा वर पोचतो. साध्या पेट्रोलवर इथेच थांबावं. शिवाय हेड खाली आल्यावर कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं, त्यामुळे कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं, आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर मऊ क्ले थापून, हेड जुन्या गॅस्केटसह कसून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजा. जुनं गॅस्केट आधीच दबलेलं असल्याने हे माप खरं निघतं. तिन्ही चेंबर ब्युरेटने रॉकेल भरून मोजता आले तर उत्तमच. ते सारखे केले की इंजिन आयडलवर शांत बसतं.

खालच्या भागाबद्दल थोडकंच. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) ओरखडे किंवा लंबगोलपणा नसेल तर ग्राइंड करू नका. नव्या शेलची (बेअरिंगच्या अर्ध्या वाट्यांची) फट प्लास्टिगेजने, म्हणजे दबून फट दाखवणाऱ्या बारीक दोरीने, तपासा. जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ४० मिमीला ०.०४ मिमी, हा चांगला अंदाज. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप उघडण्याआधी नंबर टाका, कारण त्या जोडीनेच मशीन केलेल्या असतात. अदलाबदल झाली तर बेअरिंग आवळतं. पिस्टन आणि रॉड तराजूवर ठेवून तिन्ही सेट एका ग्रॅमच्या आत आणा. हे बसल्या जागी होणारं खरं अपग्रेड आहे. तीन सिलिंडरच्या क्रँकमध्ये पुढून मागे झुलण्याची ओढ मुळातच असते, वजनातला फरक तिच्यात भर घालतो.

जोडताना ब्लॉकमधली हेड बोल्टची भोकं कोरडी करा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉकला तडा जातो. हेड मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच कसा. बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच घ्या. सिलिकॉन सढळ हाताने लावू नका. आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर बदला, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर पाण्याचा पंपही. सेलला हात लावण्यापूर्वी क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि नव्या रिंगा अकाली झिजतात.

कॅम मात्र सोडाच. जास्त लिफ्टचा आणि जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम ताकद वरच्या आरपीएमला ढकलतो आणि खालची काढून घेतो. तुमचे गियर लांब आहेत आणि तक्रार चढाची आहे; चढाला लागतो तो नेमका खालचा टॉर्क. सायलेन्सरचंही तसंच. जुना आतून कुजून तुंबला असेल तर बदला, पण मापाचाच घ्या. मोठ्या व्यासाच्या पाइपात गॅसचा वेग घटतो. तुंबलंय का हे व्हॅक्यूम गेजने कळतं: २,५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली सरकत गेला तर अडथळा आहे. पोर्टिंगमध्ये पोर्ट रुंद करू नका. गॅस्केट आणि मॅनिफोल्ड जिथे एकमेकांना चुकतात त्या पायऱ्या घासून काढा आणि सीटखालची धारदार कड गोल करा, एवढं पुरे. शेवटी कार्ब्युरेटरचा मेन जेट प्लगचा रंग बघून ठरवा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल मारा. सुरू झाल्यावर गाडी आयडलवर ताटकळत ठेवू नका, रस्त्यावर काढा. रिंगा बसतात त्या दाबाने: वरच्या गियरमध्ये मध्यम ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवा, मग सोडून गियरवरच उतरू द्या, असं बराच वेळ. फार गरम होऊ देऊ नका, फार फिरवू नका. भरणीला साधं मिनरल ऑइल घाला, पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर फिल्टरसकट बदला आणि जुना फिल्टर कापून घडीत काय अडकलंय ते बघा. टॅपेट तेव्हाच पुन्हा मोजा. हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन पुन्हा घ्या आणि आजच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.

आत्ता मात्र तिन्ही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले आकडे कळवा. पिस्टन लागणार की नुसत्या रिंगा, की फक्त हेड उतरवून भागणार, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.