2021 ची बारोलो (इटलीतली रेड वाइन) मिलानहून आणली, मसाला शेंगदाण्यांसोबत प्यायलो, एवढी महाग असून फिकट आणि तुरट लागली, अर्धी उरलीय, बाटली बनावट असेल का?

अहो नाही, फिकट रंग आणि सुकलेलं तोंड हीच तर बारोलोची खूण. नेब्बिओलो द्राक्षाच्या वाइनला गडद रंग येतच नाही, ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर बघा, खालची अक्षरं वाचता येतील आणि कडेला विटकरी झाक दिसेल. पण टॅनिन, म्हणजे तोंड सुकवणारा तुरट घटक, म्हणाल तर जबरदस्त, जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते ना तसं. नियमाने बारोलो कमीत कमी 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात, आणि बाटलीवर रिझर्व्हा (जास्त मुरवलेली) लिहिलं असेल तर 62. म्हणजे 2021 ची तुमची बाटली 2025 मध्येच विक्रीला आलीय, अजून कोवळीच आहे म्हणा ना.

आता चाखायचं कसं, तर मोठा ग्लास घ्या, एक तृतीयांशच भरा, आणि प्यायच्या दोन तास आधी वाइन जगमध्ये ओतून ठेवा. रूम टेंपरेचरला प्या असं सगळे सांगतात पण ती रूम युरोपातली हो, आपल्याकडे मे महिन्यात तशी प्यायलात तर नुसतं अल्कोहोल नाकात जाईल, फ्रिजमध्ये ठेवून 16-18 डिग्रीला आणा. मग ग्लास फिरवून वास घ्या. पुस्तकी वर्णन गुलाब आणि डांबर असं आहे, मला वाळलेल्या गुलाबपाकळ्या लगेच येतात, डांबर दर वेळी सापडतंच असं नाही.

आणि तुम्ही लिहिलंय की सोबत मसाला शेंगदाणे होते, तिथेच सगळं बिनसलं!! तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. पिएमोंतेत, म्हणजे इटलीतल्या बारोलोच्या मूळ भागात, ही वाइन जेवणासोबतच पितात, तिच्यातच तासन्‌तास शिजवलेलं बीफ असतं किंवा लोण्यातला ताजारिन पास्ता. प्रोटीन आणि फॅट तोंडात असलं की टॅनिन त्याला चिकटतं आणि तुरटपणा उतरतो. घरी पार्मेजान चीजचा तुकडा किंवा कमी तिखटाचं मटण चालेल.

रोजच्यासाठी त्याच भागातली बार्बेरा घ्या, रंग गडद, आंबटपणा भरपूर, टॅनिन कमी आणि बारोलोपेक्षा बरीच स्वस्त. मी स्वतः तीच जास्त पितो.

अर्धी बाटली उरलीय म्हणालात ती ओतून देऊ नका, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या जेवताना परत चाखा, कोवळी बारोलो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच बरी लागते.