साक्षीला दोन शेजारी

प्रश्न : माझी नात कॅनडात सॅस्काटूनला शिकते. तिच्या घरमालकीणबाईंचे पणजोबा १९०३ साली युक्रेनकडून बायको-मुलांसह तिथे शेती करायला आले. गावाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर अर्धं पान आहे, ते नातीने मला फोनवर मराठीत सांगितलं. दहा डॉलर भरून १६० एकर जमीन, पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरात, नऊ मुलं, शाळेचे ट्रस्टी, चर्चच्या बांधकामात पुढे. शेवटची ओळ अशी, की हा माणूस घरासाठी आणि गावासाठी जगला. आमच्याकडे अडीच एकरांवरून तीन भावांचं बोलणं बंद आहे, म्हणून विचारतो. १६० एकर दहा डॉलरला कशी मिळाली? आणि एवढी जमीन कसणाऱ्याला गावासाठी वेळ कुठून मिळाला?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दहा डॉलर ही जमिनीची किंमत नव्हती, अर्जाची फी होती. कॅनडा सरकारने १८७२ साली कायदा केला आणि पश्चिमेकडची गवताळ मैदानं वसवायला घेतली. अर्जदाराने तीन वर्षं, वर्षातून निदान सहा महिने, त्याच जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, ठरलेले एकर नांगराखाली आणायचे. मग पट्टा त्याच्या नावावर. दहांतले जवळपास चार जण हे पुरं करू शकले नाहीत, जमीन सोडून गेले. आणि ती जमीन रिकामी नव्हती. सॅस्काटूनच्या भागात क्री आणि इतर मूळ रहिवाशांशी सरकारने १८७६ साली करार केला आणि त्यांना राखीव तुकड्यांवर बसवलं. स्मरणिकेत हे बहुधा नसेल, पण नातीला ठाऊक असावं.

आता मोजणी. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन आखायचा, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर, म्हणून तिथले लोक जमिनीला 'क्वार्टर' म्हणतात. विषम आकड्यांचे बरेचसे भाग रेल्वे कंपन्यांना दिलेले, ११ आणि २९ क्रमांकाचे शाळांसाठी राखून ठेवलेले, काही हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचे. नव्या माणसाला उरलेल्यांतून निवडायचं. शिवाय राहायचं स्वतःच्याच चतकोरावर.

याचा परिणाम नकाशावर बोट ठेवून बघा. माझे वडील इथे इंदूरजवळ, सांवेरकडे शेती करायचे. आमचं घर गावात, भिंतीला भिंत लागून, आणि शेत बाहेर शिवारात. रात्री कुणाच्या पोटात दुखलं तरी चार घरांना कळायचं. तिथे पुढचं घर अर्धा मैल, मैलभर लांब, मध्ये गुडघाभर बर्फ. कायद्याने शेतं दिली, गाव दिलं नाही. (मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र एकत्र वस्ती करण्याची सवलत मागून घेतली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.)

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की त्या पणजोबांनी शेतीतून वेळ काढून गावाचं काम केलं असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांवाचून ती शेती उभीच राहिली नसती. मळणीचंच घ्या. वाफेच्या इंजिनावर चालणारं मळणीयंत्र एका घराला परवडायचं नाही आणि त्याला वीस-एक माणसं लागायची. यंत्र या शेतावरून त्या शेतावर फिरायचं, पाठोपाठ माणसं आणि घोडे. आपल्याकडे याला सावड म्हणतात. सांवेरला एका चैत्रात आभाळ भरून आलं तेव्हा आमच्या खळ्यावर न बोलावता सात घरची माणसं आली होती, सगळी माळवी बोलणारी. आईने रात्री सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. वडील त्या रात्रीबद्दल मरेपर्यंत बोलायचे.

गव्हाचंही सांगतो, कारण मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं, अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ नंतर जिथे इंदूर पद्धतीचं कंपोस्ट बसवलं त्याच आवारात. त्या मैदानांवर उन्हाळा इतका आखूड, की रेड फाइफ हा जुना गहू पिकायच्या आत कडक गारठा पडून दाणा करपायचा. मग मार्क्विस हा नवा वाण आला. त्याचे आईबाप म्हणजे रेड फाइफ आणि 'हार्ड रेड कलकत्ता', आपल्या देशातला लवकर येणारा लाल गहू. कॅनडा सरकारचे गहू-संशोधक चार्ल्स साँडर्स दाणे चावून चिकटपणा तपासत आणि वाण निवडत. मार्क्विस रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी तयार व्हायचा, आणि आठवडा म्हणजे सगळं वर्ष. सॅस्काटूनच्या उत्तरेला रोस्थर्नजवळ सीगर व्हीलर हे इंग्लंडहून आलेले शेतकरी होते. त्यांनी १९११ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मार्क्विसवर हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं.

घराबद्दल एक विचारतो. स्मरणिकेत पणजीबाईंवर किती ओळी आहेत? गॅलिशिया-बुकोविनातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनकडच्या भागातून, आलेली ही माणसं रोख पैशासाठी उन्हाळ्यात रेल्वेच्या रुळांवर मजुरीला जात. मागे बाई, मुलं, एखादी गाय. मातीत गवत कालवून भिंती लिंपणं, भट्टी घालणं, बागेत बटाटे लावणं तिच्याकडे. विवाहित बाईला स्वतःच्या नावाने अशी जमीन मागता येत नव्हती. नऊ मुलं वाढवून जे घर 'त्याचं' म्हणून छापलं गेलं, त्यातलं निम्मं तरी तिचं आहे.

शाळाही सरकारने आणून दिली नाही. परिसरातल्या करदात्यांनी एकत्र येऊन शाळेचा विभाग स्थापन करायचा, तीन ट्रस्टी निवडायचे, स्वतःवर कर बसवून घ्यायचा, मास्तरणीला कुणाच्या तरी घरी ठेवायचं. ट्रस्टी म्हणजे थंडीत सरपण पोचलं का हे बघणारा माणूस. सार्निया नावाच्या तिथल्या ग्रामीण विभागाने १९१५ साली डॉक्टर निघून जाऊ नये म्हणून करातून त्याला पैसे दिले. १९२४ साली शेतकऱ्यांनी गहू एकत्र विकायला स्वतःची सहकारी संस्था काढली. १९६२ साली सस्कॅचेवानने, म्हणजे सॅस्काटून ज्यात येतं त्या प्रांताने, सगळ्यांसाठी वैद्यकीय विमा आणला, तेव्हा ही सवय दोन पिढ्या जुनी झाली होती.

तुमच्या भावांबद्दल सल्ला देण्याइतकं मला माहीत नाही. पण नातीला एक काम सांगा. सस्कॅचेवानच्या सरकारी अभिलेखागारात या जमिनींच्या फायली जपून ठेवल्या आहेत, पणजोबांचीही बहुधा मिळेल. पट्टा मागताना अर्जदाराबरोबर दोन शेजाऱ्यांना शपथेवर सांगावं लागे, की हा माणूस खरंच इथे राहिला, एवढे एकर त्याने नांगराखाली आणले. ती दोन नावं तिने उतरवून घ्यावीत, आणि चर्चच्या आवारातल्या दगडांवर शोधावीत.