सर्वोसाठी पॉवर सप्लाय घेताना

प्रिय,

रोबोटचा हात उचलायला लागला की अर्डुइनो, म्हणजे त्याला चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, रीसेट होतो, म्हणून कोड पुन्हा पुन्हा तपासणं चालू आहे, असं लिहिलं आहेस. कोड सोड. गडबड सप्लायमध्ये आहे.

तुझ्याकडे सहा एमजी९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटर) आहेत. हलताना एकेक ५०० ते ९०० मिलिअँपिअर घेतो, तेवढा हिशेब करून तू ५ व्होल्ट ६ अँपिअरचा अडॅप्टर आणलास. पण हाच सर्वो अडला की ६ व्होल्टला अडीच अँपिअर ओढतो. मोटर फिरताना तिच्यात उलटा व्होल्टेज तयार होऊन करंटला अडवतो; ती फिरत नसली की तो शून्य असतो आणि अडवायला फक्त वायंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध उरतो. थांबलेली मोटर सुटतानाही क्षणभर हीच स्थिती असते. कोड सुरू होताच सहाही सर्वो एकदम आपापल्या जागी धावले, तर १५ अँपिअर! अडॅप्टरचा व्होल्टेज कोसळतो आणि त्याच ५ व्होल्टवर चालणारा अर्डुइनो रीसेट होतो.

एलईडी बोर्डांना लावतात तो ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळेल. व्होल्टेज उतरवणारं ३ अँपिअरचं एलएम२५९६ मॉड्यूल या कामाचं नाही. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि या सर्वोची मर्यादा ७.२ आहे, तेव्हा तीही थेट जोडू नकोस.

मोठा कपॅसिटर लावला की भागतं, असं तुला कुणी ना कुणी सांगेलच. गणित करून बघ: १० अँपिअर ओढले, तर १००० मायक्रोफॅरडचा व्होल्टेज ५० मायक्रोसेकंदांतच अर्ध्या व्होल्टने उतरतो. मोटरला वेग घ्यायला मिलिसेकंद लागतात. कपॅसिटर जरूर लाव, पण बारीक झटके गिळण्यापुरता.

वायरकडे मात्र खरंच लक्ष दे, चांगला सप्लाय आणूनही मुलं इथेच फसतात. २२ गेजची एक मीटर वायर, जाऊन-येऊन, साधारण ०.१ ओहम भरते. ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला. ब्रेडबोर्डवरून मोटरचा करंट नेऊच नकोस. सप्लायपासून १४ किंवा १६ गेजची जाड वायर आण आणि तिथून प्रत्येक सर्वोला वेगळा फाटा दे. ग्राउंड अर्डुइनोशी जोडायला विसरू नकोस, नाहीतर सिग्नलला संदर्भच राहत नाही.

कोडमध्ये सर्वो एकामागून एक, थोड्या अंतराने सुरू कर. व्होल्टेज सर्वोच्या पिनांवरच, कॉलेजच्या ऑसिलोस्कोपने बघ. मल्टिमीटरला ही घसरण दिसत नाही.

आणि एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. अर्थ जोडून, वर झाकण बसवूनच स्विच लाव.