प्रार्थनेला शब्दच येत नाहीत

प्रश्न : मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) होते. दोन महिन्यांपूर्वी कामावरून कमी केलं. घरातली संध्याकाळची प्रार्थनाही तेव्हापासून बंद पडली. पवित्र शास्त्र (बायबल) उघडलं तरी मन लागत नाही. मंडळीतले (आमच्या चर्चमधले) म्हणतात, विश्वास कमी पडतोय. उपवास धरू का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, उपवास तूर्त नको. एलीया संदेष्टा खचून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पुढे केलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला लावलं (1 राजे 19). तुम्हा दोघांची झोप आणि दोन वेळचं जेवण आधी मार्गी लागू दे.

मग प्रार्थना, पण छोटी. संकट मोठं म्हणून तासाभराचा नेम धरला की चार दिवसांत मोडतो, वर अपराधी वाटतं ते वेगळंच. दिवेलागणीला दहा मिनिटं पुरेत. आठवडाभर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एकच स्तोत्र घ्या, 13वं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल चारदा येतो. ती एकाने मोठ्याने वाचायची. तिथे थांबून आपली गाऱ्हाणी नावानिशी सांगायची : घरभाडं, पतसंस्थेचा हप्ता, पोरीची फी. तिसरं-चौथं वचन मागण्याचं. पाचव्यात भरवशाचा सूर लागतो. तो आज तोंडातून निघत नसेल तर चौथ्यावरच थांबा. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच की! आणि रोज तेच शब्द आले तर येऊ देत. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द म्हटले (मत्तय 26:44).

राहिले ‘विश्वास कमी’ म्हणणारे. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) मात्र स्वतः भेटा, आणि नुसतं ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणू नका. मिस्टरांना कोणतं काम येतं, मोल्डिंग (साचे करणं) की फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं), किती वर्षांचा अनुभव, हे कागदावर लिहून द्या. गोकुळ शिरगाव, कागलकडच्या एमआयडीसीत कामाला जाणारे मंडळीत असतील, तर जागा निघाल्याचं त्यांच्या कानावर आधी येतं.

प्रश्न : मिळकत नसताना दशांश द्यायचा का?

उत्तर : दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. उत्पन्नच नाही तर भाग कशाचा काढणार? प्रेषित पौलही जवळ असेल त्या मानाने द्या म्हणतो, नसेल त्या मानाने नव्हे (2 करिंथ 8:12). उसने घेऊन तर दानपेटीत मुळीच टाकू नका.