हाड बसवलं, जखम उघडीच

प्रश्न: शिरपूरजवळ अपघातात भावाच्या नडगीचं हाड बाहेर आलं. काल जळगावला जखम धुऊन बाहेरून सळया लावल्या. आता प्लास्टिक सर्जनकडे न्या म्हणतात. घरचे म्हणतात, दिसण्याचं नंतर बघू. – एक वाचक, चोपडा

उत्तर: हे दिसण्यासाठी नाही, पाय वाचवण्यासाठी आहे. थांबू नका. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर जवळपास नुसती कातडीच असते. ती गेली की उघडं हाड सुकतं, मरतं आणि त्यात जंतू घर करतात. म्हणून अपघातापासून शक्यतो 72 तासांत ते झाकायचं. आतला रॉड किंवा प्लेटही झाकण्याच्या वेळीच बसवलेली बरी. तोवर बाहेरच्या सळया योग्यच. मात्र त्या झाकण्याच्या आड येत नाहीत ना, हे हाडांचे आणि प्लास्टिक, अशा दोन्ही सर्जननी एकत्र बघावं. खरं तर पहिल्या धुण्यालाच दोघं हवेत.

उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी लावली तर ती धरत नाही, रक्तपुरवठ्यासह मांस लागतं. गुडघ्याजवळ आणि मध्यभागी पोटरीचे स्नायू फिरवून भागतं. घोट्याकडे बहुधा मांडीचा तुकडा आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पहिले दोन दिवस तो तुकडा तासातासाला बघतात: निळसर, फुगलेला दिसला तर रक्त परत नेणारी शीर तुंबली; फिकट, गार पडला तर रक्त आणणारी धमनी. दोन्हीत लगेच ऑपरेशन थिएटर. तंबाखू, विडी पूर्ण बंद, अगदी मिश्रीसुद्धा.

जाताना एक्स-रे, जखमेचे फोटो, दिलेल्या अँटिबायोटिकची नोंद आणि रेशनकार्ड घ्या. जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा.